आधी शब्द, मग खुर्ची

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे मंत्री : मूल्ये आणि सार्वजनिक वर्तन’. तो वाचून काही मंडळी चप्पल न काढताच परत गेली, हे मी इथून पाहिलं. जे बसलात ते एक तर चिवट आहात, नाही तर पंख्याखालची जागा मिळालीय म्हणून बसलात. दोघांचंही स्वागत.

नंतर वेळ पुरत नाही हा माझा लौकिक आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. मंत्री खुर्चीत बसल्यावर कसा वागेल हे त्याच्या घराण्यावरून, शिक्षणावरून किंवा कपाळावरच्या गंधावरून कळत नाही. खुर्चीत बसण्याआधी त्याने चारचौघांत काय कबूल केलंय, यावरून मात्र पुष्कळ कळतं. माणूस स्वतःच्या मनाशी केलेले संकल्प सहज मोडतो. लोकांसमोर दिलेला शब्द मोडताना त्याला दोनदा विचार करावा लागतो. एवढंच माझं म्हणणं. आता पुरावा.

थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सभागृहात निवडून या, किंवा सहा महिन्यांत या. तिकडे नेमकं उलटं आहे. त्यांच्या संविधानाच्या पहिल्याच कलमात सांगितलंय की सरकारी पदावर असलेला माणूस काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य राहू शकत नाही. सिनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह; सिनेटर मंत्री झाला की सिनेटची जागा सोडायची. म्हणजे त्या मंत्र्याला मतदारसंघ नाही, मतदार नाहीत, सोमवारी सकाळी दारात अर्ज घेऊन उभे राहणारे लोक नाहीत. राष्ट्राध्यक्षाने नेमायचं, सिनेटने मान्यता द्यायची आणि राष्ट्राध्यक्षाच्या मनात येईल त्या दिवशी घरी जायचं. संविधानात मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीबद्दल एक अक्षर नाही. राष्ट्राध्यक्ष खातेप्रमुखांकडून लेखी मत मागवू शकतो, एवढंच म्हटलंय. मागवलेलं मत तो मानेल की फाईलला लावून ठेवेल, हा त्याचा प्रश्न.

मग अशा माणसावर अंकुश कोणाचा? महाभियोग आहे, पण तो जवळपास शोभेचा. आरोप प्रतिनिधीगृहाने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ठेवायचा आणि निकाल सिनेटने द्यायचा. दोन शतकांहून जास्त काळात प्रतिनिधीगृहाने फक्त दोन मंत्र्यांवर महाभियोग आणला. पहिले १८७६ मधले युद्धमंत्री विल्यम बेलनॅप. लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या परवान्यातून घरी पैसे येत होते. मतदानाच्या दिवशी सकाळीच हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे धावले, रडत रडत राजीनामा दिला आणि ग्रँटनी तो तिथल्या तिथे स्वीकारला. सिनेटमध्ये बहुमत त्यांच्या विरोधात गेलं, पण दोन-तृतीयांश जमेना, कारण अनेकांचं म्हणणं पडलं की गेलेल्या मंत्र्याला काय घालवायचं! दुसरे अंतर्गत सुरक्षामंत्री अलेहांद्रो मायोर्कास, २०२४ मध्ये, २१४ विरुद्ध २१३ अशा मतांनी. सिनेटने ते प्रकरण दोन महिन्यांत निकालात काढलं. म्हणजे घालवण्याचं हत्यार बोथट. उरते ती आत येतानाची चौकट, सिनेटची सुनावणी. माझा सगळा भर त्या चौकटीवर आहे.

आणि इथे मला माझ्या आवडत्या माणसाकडे वळायचंय. आवडता म्हणजे गोष्ट सांगायला. आमच्या वर्गातली मुलं म्हणायची, सरांना कुठलाही विषय द्या, घंटा वाजेपर्यंत अल्बर्ट फॉल येणारच. आला बघा.

न्यू मेक्सिकोचा हा सिनेटर. मोठी झुपकेदार मिशी, रुंद काठाची टोपी, वकिली केलेली, खाणकामात हात घातलेला, थ्री रिव्हर्स नावाचं मोठं गुरांचं रान. शेजारच्या आसनावर बसणारे वॉरन हार्डिंग १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी फॉलना इंटिरियर खातं दिलं. हे खातं म्हणजे आपलं गृहखातं नव्हे. पोलिसांशी त्याचा संबंध नाही. सरकारी जमिनी, खनिजं, राष्ट्रीय उद्यानं असा कारभार. थोडक्यात, देशाची जमीनजुमल्याची किल्ली.

आता सुनावणी. सिनेटने त्यांना काय विचारलं? काही नाही. आपलाच माणूस, कालपर्यंत आपल्यात बसत होता, त्याला काय विचारायचं? नाव समितीकडे पाठवलंच नाही. एकमुखाने ‘मंजूर, मंजूर’ आणि झालं. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर होतो तितक्या वेळात हा माणूस मंत्री झाला.

कोणी एक साधा प्रश्न विचारला असता, की बाबा, तुझी सांपत्तिक स्थिती काय, तर कळलं असतं की गृहस्थ कर्जात होते आणि रानाचा कर कित्येक वर्षं थकलेला होता. असा माणूस तेलाच्या शेजारी बसवला.

तेल कसलं? नौदलाच्या बोटी कोळशावरून तेलावर आल्या, तेव्हा युद्धात कमी पडू नये म्हणून काही तेलसाठे जमिनीखालीच राखून ठेवले होते. कॅलिफोर्नियात एल्क हिल्स, वायोमिंगमध्ये टीपॉट डोम. साठे नौदलाच्या ताब्यात. फॉलनी मे १९२१ मध्ये हार्डिंगकडून आदेश काढवून ते आपल्या खात्याकडे घेतले. नौदलमंत्री एडविन डेन्बी यांनी ‘घ्या बुवा’ म्हणत दिले. (या डेन्बींनी पैसा खाल्ला नाही. फक्त कागद न वाचता सही केली. अशी माणसं या सभागृहातही असतील, कोणाकडे बघत नाही.) मग १९२२ मध्ये स्पर्धेची निविदा वगैरे भानगड न करता टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअरला आणि एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीला भाड्याने. दोघे तेलसम्राट, डोहेनी तर फॉलचा तरुणपणापासूनचा खाणीवरचा दोस्त.

आणि तिकडे थ्री रिव्हर्सवर हिरवळ दिसायला लागली. थकलेला कर एका फटक्यात भरला गेला. नवी कुंपणं आली, रस्ता झाला, विजेची सोय झाली, शेजारची जमीन विकत घेतली गेली. खेड्यात असल्या गोष्टी लपतात का? माणूस मुंबईत काय करतो ते गावाला कळत नाही, पण त्याने गावात नवी कौलं घातली की दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा. फॉलचं तेच झालं. न्यू मेक्सिकोतल्याच एका संपादकाने येऊन सिनेटच्या समितीला सांगितलं, की हे गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून रडत होते आणि आता रान ओळखू येत नाही.

समितीत मोंटानाचे थॉमस वॉल्श नावाचे सिनेटर होते. मितभाषी, चिकट, कागद वाचणारे. मला अशी माणसं फार आवडतात; घरी मात्र नकोत. त्यांनी फॉलना विचारलं, पैसे कुठून आणले? फॉल म्हणाले, वॉशिंग्टन पोस्टचे मालक एडवर्ड मॅक्लीन यांच्याकडून एक लाख डॉलर उसने घेतले. मॅक्लीन प्रकृतीचं कारण सांगून फ्लोरिडात. वॉल्श आगगाडीत बसून फ्लोरिडात. तिथे मॅक्लीन कबूल झाले की धनादेश दिले होते खरे, पण न वटवताच परत आले. झालं! मंत्री समितीशी खोटं बोलले हे १९२४ च्या जानेवारीत चव्हाट्यावर आलं.

मग डोहेनी स्वतःच पुढे आले. म्हणाले, लाख डॉलर मीच दिले. रोख. माझ्या मुलाने छोट्या काळ्या बॅगेत घालून नेऊन दिले. आणि एवढी रक्कम माझ्यासारख्याला किरकोळ. सामान्य माणसाला पंचवीस-पन्नास डॉलर, तसे मला लाख. कर्जाची चिठ्ठी दाखवा म्हटल्यावर त्यांनी ती दाखवली. फक्त तिच्यावरची सही फाडलेली होती! सहीचा तुकडा बायकोकडे ठेवलाय म्हणे. मैत्रीत व्यवहार नको म्हणतात, पण इतकाही नको?

सिंक्लेअरचा किस्सा तर त्याहून बहारीचा. त्यांच्या कंपनीत माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे चिरंजीव आर्ची नोकरीला होते. त्यांनी येऊन साक्ष दिली की मालकाचा चिटणीस मला म्हणाला, फॉलच्या रानाच्या कारभाऱ्याला ‘सिक्स्टी एट थाउजंड’, अडुसष्ट हजार डॉलर गेलेत. चिटणिसाला बोलावलं. तो शपथेवर काय म्हणाला असेल? म्हणाला, यांच्या ऐकण्यात चूक झाली. मी ‘सिक्स ऑर एट काउज’ म्हणालो होतो, सहा-आठ गायी! (हशा.) हसू नका, अमेरिकेच्या सिनेटच्या दप्तरात आहे हे. आणि गंमत म्हणजे सिंक्लेअरने रानावर कालवडी, बैल आणि डुकरं खरंच पाठवली होती. म्हणजे गायींचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. फक्त त्यांच्यासोबत दोन लाखांहून जास्त डॉलरचे रोखेही फॉलच्या जावयाकडे पोचले होते.

आता निकाल ऐका, कारण खरी मजा तिथे आहे. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेपट्टे रद्द केले, तेल नौदलाला परत. १९२९ मध्ये फॉल डोहेनीकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले. एक वर्ष कैद, लाख डॉलर दंड. पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले अमेरिकेचे ते पहिले मंत्री. आणि पुढच्याच वर्षी, त्याच लाख डॉलरसाठी, त्याच काळ्या बॅगेसाठी, लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी निर्दोष सुटले! लाच घेतली गेली, पण दिली कोणीच नाही. टाळी एका हाताने वाजत नाही असं आपण म्हणतो. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने वाजवून दाखवली. पुढे थ्री रिव्हर्सचं ते रानसुद्धा फॉलच्या हातून गेलं, आणि ते कर्जापोटी ताब्यात घेणारी कंपनी कोणाची होती? डोहेनीची. दोस्तीचा हिशेब असा पुरा झाला.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. मी पाहिलं नाही असं समजा.

मला यात दिसतं ते वेगळंच. लोक म्हणतात, फॉल लोभी होता. असेलच. पण लोभी माणूस मंत्री होऊ नये याची व्यवस्था हाताशी होती, आणि ती आपलेपणाने बंद ठेवली. पुढे १९५३ मध्ये आयझेनहॉवरनी जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांना संरक्षणमंत्री नेमलं, तेव्हा सिनेट शहाणी झालेली होती. कंपनीचे लाखोंचे समभाग हातात ठेवून तुम्ही त्याच कंपनीकडून रणगाडे घेणार काय? विल्सन कुरकुरले, पण समभाग विकावे लागले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना घरी पाठवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ च्या कायद्याने मिळकत, देणी, समभाग सगळं जाहीर करणं सक्तीचं झालं. आज फॉल आले असते तर देण्यांचा रकाना त्यांना भरावाच लागला असता. सार्वजनिक नीतिमत्तेचा निम्मा भाग हा असा रकान्यांचा असतो. यावर कविता होत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

रकाने भरून सगळं सुटतं असंही नाही. २०१७ मध्ये आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांचं खासगी विमानांचं प्रकरण निघालं. बिल जनतेच्या माथी, रक्कम चार लाख डॉलरच्या वर. बोंब झाली तेव्हा म्हणाले, माझ्या आसनाचे पैसे मी भरतो, आणि आकडा दिला : ५१,८८७ डॉलर ३१ सेंट. ते ३१ सेंट मला फार भावतात. विमानभर हवा खाल्ली आणि सुटे पैसे मोजून दिले! त्याच आठवड्यात राजीनामा द्यावा लागला. आमच्या महाविद्यालयात एकदा एक मंत्री यायचे होते, मुलं दुपारच्या उन्हात लेझीम घेऊन उभी, दोन मुली चक्कर येऊन पडल्या. साहेब संध्याकाळी आले, गाडीतून न उतरता हात केला आणि गेले. त्यांनी ३१ पैसेही दिले नाहीत. असो. ही माझी जुनी जखम आहे, तुमचा वेळ त्यात नको.

चिठ्ठी आली. ‘सर, दहा मिनिटं.’ बरं. म्हणजे ज्या माणसांसाठी मी हे भाषण घेतलं ती सगळी आता दहा मिनिटांत बसवायची.

पहिल्या फ्रान्सिस पर्किन्स. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्याला आग लागली. दारं कुलूपबंद, १४६ कामगार गेले, बहुतेक कोवळ्या पोरी. पर्किन्सबाई जवळच चहाला आल्या होत्या; आरडाओरडा ऐकून धावल्या, आणि मुली खिडक्यांतून उड्या टाकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनी त्यांना मजूरमंत्रीपद देऊ केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई होण्याची संधी! दुसरं कोणी असतं तर आधी पेढे वाटले असते. या बाई यादी घेऊन गेल्या. बेकारी भत्ता, वृद्धांसाठी विमा, किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीला बंदी, आरोग्य विमा. म्हणाल्या, हे करू देणार असाल तर येते, नाही तर दुसरं कोणी बघा. रूझवेल्ट हो म्हणाले. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, १९३८ चा किमान वेतनाचा कायदा हे त्या यादीतून उतरलेत. आरोग्य विमा तेवढा राहिला. बाई बारा वर्षं खुर्चीत होत्या. मधे त्यांच्यावर महाभियोगाचा ठरावही आणून झाला, तो बारगळला. इथे शब्द मंत्र्याने दिला नाही, घेतला. पण आधी घेतला.

दुसरे एलियट रिचर्डसन, निक्सनचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे मंत्री. १९७३ च्या मे महिन्यात सिनेटच्या समितीने त्यांना बसवून घेतलं आणि वदवून घेतलं की वॉटरगेटच्या तपासासाठी स्वतंत्र अभियोक्ता नेमीन आणि त्याने फार गंभीर गैरवर्तन केल्याशिवाय त्याला काढणार नाही. नेमले आर्चिबाल्ड कॉक्स. निक्सनच्या कचेरीतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्या म्हणून कॉक्स अडून बसले. २० ऑक्टोबरला, शनिवारी, निक्सन म्हणाले, कॉक्सना काढा. रिचर्डसननी राजीनामा दिला. मग त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस; तेही नाही म्हणाले आणि गेले. मग खात्यात तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क. त्यांनी कॉक्सना काढण्याच्या पत्रावर सही केली.

आता इथे जरा थांबा, दहा मिनिटं गेली तरी चालतील. बोर्क काही खलनायक नव्हते. रिचर्डसननी स्वतः त्यांना सांगितलं की तुम्ही तरी राहा, नाही तर खातं कोसळेल. पण फरक बघा. पहिल्या दोघांनी सिनेटला शब्द दिलेला होता. बोर्कना कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी शब्द दिलेला नव्हता, आणि म्हणून ते सही करायला मोकळे होते. एकच इमारत, एकच संध्याकाळ, तिघेही कायदेपंडित. ज्यांनी बोलून ठेवलं होतं ते गेले, ज्यांनी नव्हतं ते राहिले. याहून चांगला पुरावा मला माझ्या म्हणण्यासाठी सापडलेला नाही. तुम्हाला उलटा पुरावा सापडला तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा.

तिसरे सायरस व्हान्स, कार्टर यांचे परराष्ट्रमंत्री. १९८० मध्ये तेहरानच्या वकिलातीतल्या अमेरिकी ओलिसांना लष्करी मोहिमेने सोडवायचं ठरलं. व्हान्सचा विरोध होता. त्यांनी मोहिमेच्या आधीच राजीनामा लिहून दिला आणि सांगितलं, मोहीम फत्ते झाली तरी मी जाणार. मोहीम वाळवंटात फसली, आठ जवान गेले, आणि मग राजीनामा जाहीर झाला. फसल्यावर राजीनामा कोणीही देईल. निकाल लागायच्या आत लिहून द्यायला वेगळी छाती लागते.

मागून कोणीतरी ‘चिंतामणराव’ म्हणालं. बरोबर, ते आठवणारच. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रातून तोडायच्या निर्णयावर आपले सी. डी. देशमुख अर्थमंत्रीपद सोडून गेले. पण एक फरक ध्यानात घ्या. देशमुख लोकसभेत उभे राहून देशाला सांगू शकले की मी का जातो आणि हा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता कसा झाला. त्यांना सभागृह होतं, कुलाब्याचे मतदार होते. अमेरिकेच्या मंत्र्याला ते नाही. त्याचा राजीनामा म्हणजे एक पत्र. संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांचं राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं २०१८ चं पत्र वाचा; तुमच्या विचारांशी जुळणारा संरक्षणमंत्री नेमण्याचा तुम्हाला अधिकार आहे, म्हणून मी जातो. काय घडलं ते ओळींच्या मधे शोधायचं.

आणि शेवटचं. एका चिठ्ठीत विचारलंय, आजच्या सुनावण्यांचं काय? आज उमेदवार आठवडेच्या आठवडे तालमी करून येतो. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच : ‘मी कायद्याचं पालन करीन.’ याला मी शब्द म्हणत नाही. रिचर्डसनना विचारलं होतं ते एका माणसाबद्दल, एका कृतीबद्दल होतं, म्हणून ते मोडलं की दिसलं असतं. २०२५ मध्ये पीट हेगसेथ ५१ विरुद्ध ५० मतांनी संरक्षणमंत्री झाले, तेही उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर. दोनच महिन्यांत येमेनवरच्या हल्ल्याच्या वेळा त्यांनी मोबाइलवरच्या एका गटात टाकल्या आणि त्या गटात चुकून एक संपादकही होता. त्या सुनावणीत पुष्कळ प्रश्न झाले. गुप्त गोष्टी कुठल्या यंत्रावर बोलाल, असा प्रश्न कोणाला सुचणार? तिथे माझी कल्पना तोकडी पडते, हे मान्य.

आपल्याकडे तर शपथ आधी, खातं नंतर आणि प्रश्न जमलेच तर पुढच्या अधिवेशनात. राज्यमंत्रीसुद्धा समितीपुढे बसवून तासभर विचारून घ्यावा, मग राजभवनावर पाठवावा, असं माझं वर्षानुवर्षं म्हणणं आहे. ते कोणीही ऐकत नाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातले संरक्षणमंत्री मॅकनमारा राहिले. इराक युद्धाच्या वेळचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल राहिले, आणि त्यांच्यावर माझं मत अध्यक्षांना पटणार नाही हे मला ठाऊक आहे. ज्यांना भांडायचंय त्यांनी चहाला थांबावं. माइक परत करतो.